स्नोमोबाइलच्या ट्रॅकचा ताण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्नोमोबाइलचं (बर्फावर चालणाऱ्या गाडीचं) तेल, ड्राइव्ह बेल्ट, ब्रेक यांची विचारपूस बहुतेकजण नियमाने करतात. ट्रॅककडे मात्र तो आवाज करू लागला किंवा एका अंगाला ओढू लागला की मगच पाहिलं जातं, आणि तोवर स्लायडर किंवा बेअरिंग यांपैकी काहीतरी कामातून गेलेलं असतं. खालची उत्तरं मागच्या ॲक्सलवरून ताण कमी-जास्त करण्याच्या नेहमीच्या रचनेला धरून आहेत. आकडे मॉडेलप्रमाणे बदलतात. तिथे गाडीच्या पुस्तिकेत जे छापलं असेल तेच खरं मानायचं.

ताण मोजायचा म्हणजे नेमकं काय मोजायचं?

ट्रॅकचा झोळ मोजायचा. ट्रॅक हा रबर, आतलं कापड-दोरा आणि आडव्या फायबरग्लासच्या कांड्या यांचा बंद पट्टा असतो. पुढे ड्राइव्ह शाफ्टवरचे स्प्रॉकेट (दातेरी चाकं) त्याला ओढतात, मागे तो आयडलर, म्हणजे नुसत्या मोकळ्या फिरणाऱ्या, चाकांवरून वळतो आणि खालच्या बाजूला स्लाइड रेलना लावलेल्या प्लास्टिकच्या स्लायडरवरून सरकतो. गाडीचा मागचा भाग उचलला की खालची बाजू थोडी लोंबते. स्लायडरची खालची कड आणि ट्रॅकची आतली बाजू यांच्यात जे अंतर पडतं, तो झोळ.

या आकड्याला तीन अंगं असतात: किती वजन लावायचं, कुठे लावायचं आणि त्या वजनाखाली किती अंतर पडायला हवं. एखादा उत्पादक ४.५ किलो वजन मागच्या आयडलरच्या मध्यापासून ४० सेंटिमीटर पुढे टांगायला सांगतो, दुसरा ७.३ किलो सांगतो, तिसरा १० किलो. म्हणून मित्राच्या गाडीला ‘५ सेंटिमीटर झोळ चालतो’ हे ऐकून आपल्या गाडीचे बोल्ट फिरवू नका. त्याचं वजन वेगळं, मोजण्याची जागा वेगळी, तर आकडा आपल्या कामाचा नाही. ‘दोन बोटं बसली पाहिजेत’ हा हिशोबही याच कारणाने निरुपयोगी आहे. बोटांनी ट्रॅक किती जोराने खाली ओढला, हे त्यात कुठेच येत नाही.

मोजायला फुटपट्टी आणि हुक असलेला स्प्रिंगचा ताणकाटा पुरतो. काटा नसेल तर पुस्तिकेत सांगितलेल्या वजनाची पिशवी टांगा, पण ती आधी तोलून घ्या.

जरा जास्तच घट्ट ठेवला तर काय बिघडतं? सैलपेक्षा बरं ना?

नाही. हा समज इतका पसरलेला आहे की त्यावर सविस्तर बोलायलाच हवं.

ट्रॅक गरजेपेक्षा घट्ट झाला की तो स्लायडरवर जोराने दाबला जातो. घर्षण वाढतं, इंजिनाची ताकद बर्फ मागे ढकलण्याऐवजी प्लास्टिक तापवण्यात जाते, पेट्रोल जास्त लागतं आणि गाडी जड वाटते. स्लायडर लवकर झिजतात. ड्राइव्ह शाफ्टच्या आणि आयडलर चाकांच्या बेअरिंगवर सतत बाजूचा भार येतो. ट्रॅकच्या आतला दोराही कायम ओढलेला राहतो आणि पट्टा हळूहळू लांबतो. मग मालकाला ट्रॅक ‘सैल झाला’ असं वाटतं, तो आणखी आवळतो आणि हे चक्र पुढे चालू राहतं.

शिवाय सस्पेन्शन दबतं आणि उघडतं तेव्हा ट्रॅकला जावी लागणारी वाट थोडी बदलते. गाडी उभी असताना टणक वाटणारा ट्रॅक चालताना कुठल्या तरी टप्प्यावर आणखी ताणला जातो. उत्पादकाने सांगितलेला झोळ त्यासाठीच सोडलेला असतो; तो कमी करणं म्हणजे सस्पेन्शनची जागा काढून घेणं.

सैल ट्रॅकची तक्रार लगेच कानावर येते, घट्ट ट्रॅकची येत नाही. म्हणून माझ्या मते घट्ट ट्रॅकच जास्त घातक.

ट्रॅक सैल झालाय हे चालवताना कसं कळतं?

सर्वांत ठळक खूण म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर किंवा अचानक थ्रॉटल दिल्यावर पुढच्या बाजूने येणारा ‘खट-खट’ किंवा ‘धड-धड’ आवाज. स्प्रॉकेटचे दात ट्रॅकच्या आतल्या लगवरून (दात ज्यांना ढकलतात त्या रबरी उंचवट्यांवरून) उडी मारतात, त्याचा हा आवाज. याला रॅचेटिंग म्हणतात. एखाद-दुसऱ्या वेळी झालं तर ट्रॅक टिकून जातो, पण तसंच चालवत राहिलं तर आतले लग फाटतात, आणि लग फाटलेला ट्रॅक ताण कितीही नीट लावला तरी पुन्हा उड्या मारणारच.

ब्रेक मारताना हा आवाज का येतो, हे समजून घेतलं तर पुढची बरीच कोडी सुटतात. गाडी पुढे जात असताना स्प्रॉकेट ट्रॅकची वरची बाजू स्वतःकडे ओढतं, त्यामुळे वरची बाजू ताणलेली असते आणि ढिलाई स्प्रॉकेटच्या खाली, रेलच्या सुरुवातीशी जमते. ब्रेक लागला की उलटं होतं: स्प्रॉकेट थांबायला बघतं, ट्रॅक मात्र गाडीच्या वेगाने पुढे येत राहतो, आणि सगळी ढिलाई वरच्या बाजूला स्प्रॉकेटच्या तोंडाशी गोळा होते. तिथे लग आणि दात यांचं जुळणं सुटतं. म्हणजे सरळ चालताना गप्प असलेला ट्रॅक ब्रेकखाली बोलू लागला, तर झोळ मोजायची वेळ झाली.

दुसरी खूण म्हणजे टनेलच्या (ट्रॅकवरच्या पत्र्याच्या आवरणाच्या) आतून येणारा थापटल्यासारखा आवाज. ट्रॅक वरच्या पत्र्यावर आपटत असतो. बऱ्याच गाड्यांत शीतक द्रवाचे हीट एक्सचेंजर तिथेच बसवलेले असतात, त्यामुळे हा आवाज ऐकून न ऐकल्यासारखं करणं परवडत नाही.

रबराचं आवरण असलेलं दातेरी चाक आणि रबरी पट्टा या जोडीचं पेटंट जोसेफ-आर्मां बोम्बार्डिए यांना १९३७ मध्ये मिळालं. दात आणि पट्टा एकमेकांत नीट बसणं हाच त्या जोडीचा जीव, आणि आजच्या गाडीतही ताणाचा सगळा खटाटोप तेवढ्यासाठीच चालतो.

मोजण्याआधी काय तयारी करायची?

गाडी १५ ते २० मिनिटं बर्फात चालवून आणा. थंड, ताठ पडलेलं रबर वेगळं माप देतं आणि चालून मोकळा झालेला ट्रॅक वेगळं. मोकळ्या ट्रॅकचं मापच खरं.

मग इंजिन बंद करा, किल्ली काढा आणि सेफ्टी कॉर्डही (चालक पडला तर इंजिन बंद करणारी दोरी) काढून ठेवा. सस्पेन्शनमध्ये, आयडलरच्या मागे आणि ट्रॅकच्या खिडक्यांत (पट्ट्यातल्या छिद्रांत) अडकलेला बर्फ काढून टाका. रेलच्या खाली घट्ट बसलेला बर्फाचा एक तुकडा सगळं माप खोटं पाडतो. त्यानंतर मागचा भाग पक्क्या, रुंद पायाच्या स्टँडवर घ्या, म्हणजे ट्रॅक जमिनीपासून सुटेल आणि सस्पेन्शन पूर्ण उघडून लोंबेल. काही पुस्तिका मोजण्याची पद्धत वेगळी सांगतात; तसं असेल तर त्यांचीच पद्धत पाळा.

ट्रॅक हाताने एक पूर्ण फेरा फिरवून घ्या. फिरवताना अडखळतो का, एखादं चाक करकरतं का, एखादी कांडी मोडून टोक बाहेर आलं आहे का, हे पाहून होतं. वाकलेल्या रेलवर किंवा गेलेल्या बेअरिंगवर ताण लावत बसण्यात अर्थ नाही.

ताण बदलायचा कसा?

मागच्या ॲक्सलच्या दोन्ही टोकांना एकेक ॲडजस्टर बोल्ट असतो. तो आत गेला की ॲक्सल मागे सरकतो आणि ट्रॅक ताणला जातो. बाहेर आला की ट्रॅक सैल होतो. बहुतेक मॉडेलांत घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर ताण वाढतो.

आधी ॲक्सलचे दोन्ही बाजूंचे मुख्य बोल्ट थोडे ढिले करा. पूर्ण काढायचे नाहीत, ॲक्सल सरकेल इतकेच. ॲडजस्टरवर लॉकनट असेल तर तोही सोडा. मग दोन्ही ॲडजस्टर सारखेच फिरवा, एका वेळी पाव किंवा अर्धा फेरा. डावीकडे अर्धा तर उजवीकडेही अर्धा. प्रत्येक वेळी वजन लावून झोळ पुन्हा मोजा, आणि दोन्ही बाजूंना मोजा. एका बाजूचं माप बरोबर आणि दुसऱ्या बाजूचं चुकीचं असेल तर ट्रॅक सरळ चालत नाहीये.

इथवर काम अर्धंच झालं. ताण बदलला की ट्रॅकचा सरळपणा तपासावाच लागतो, आणि सरळपणासाठी एक बोल्ट फिरवला की ताण थोडा बदलतोच. म्हणून क्रम असा ठेवा: ताण, सरळपणा, पुन्हा ताण. मग लॉकनट आणि ॲक्सलचे बोल्ट पुस्तिकेतल्या टॉर्कला आवळा आणि शेवटी आणखी एकदा मोजा. मुख्य बोल्ट आवळताना ॲक्सल किंचित सरकू शकतो, आणि नेमकी हीच शेवटची मोजणी लोक सोडून देतात.

ट्रॅक एका बाजूला सरकतोय. कोणत्या बाजूचा बोल्ट फिरवायचा?

ज्या बाजूला ट्रॅक सरकला आहे, त्याच बाजूचा बोल्ट आवळायचा. पट्टा नेहमी सैल बाजूकडे सरकतो. ट्रॅक डावीकडे गेला असेल तर डावी बाजू सैल आहे. डावा ॲडजस्टर थोडा आवळा, किंवा झोळ आधीच कमी असेल तर उजवा थोडा सोडा. दोन्हीचा परिणाम सारखाच. कोणता फिरवायचा, ते झोळ पाहून ठरवा.

ट्रॅक सरकला आहे हे ओळखण्यासाठी मागून पाहा. ट्रॅकच्या आतल्या गाइड क्लिप आणि स्लायडरची कड यांच्यात दोन्ही बाजूंना सारखं अंतर हवं. एका बाजूला क्लिप स्लायडरला घासत असेल तर स्लायडरची ती कड तिरकी झिजलेली दिसेल. ती खूण ताजी असेल तर दुरुस्ती ॲडजस्टरने होते. खूप जुनी, खोल असेल तर स्लायडर बदलूनच पुढचं काम करा, कारण तिरकी कड ट्रॅकला पुन्हा त्याच अंगाला खेचते.

दोन्ही ॲडजस्टर सारखे असूनही ट्रॅक सरकतच राहिला तर बोल्टशी झटापट थांबवा. वाकलेला ॲक्सल, वाकलेली रेल, तुटलेली सस्पेन्शन आर्म किंवा एका बाजूने लांबलेला ट्रॅक यांपैकी काहीतरी असतं.

सरळपणा पाहण्यासाठी ट्रॅक इंजिनाने फिरवावा लागतो. त्यात धोका कितपत आहे?

मोठा आहे. फिरता ट्रॅक बर्फाचा खडा, सुटलेला स्टड (पकडीसाठी ट्रॅकला लावलेला धातूचा खिळा) किंवा तुटलेला लग बंदुकीच्या गोळीसारखा मागे फेकतो. तेव्हा ट्रॅकच्या मागे आणि त्याच्या रेषेत पुढे कोणीही उभं राहायचं नाही. मूल, प्राणी, बघे, कोणीही नाही. मागे भिंत किंवा जाड फळी असावी, स्टँडला मागचा अडसर असेल तर उत्तम. गाडीचं पुढचं टोक हलणार नाही अशी सोय आधी करा.

थ्रॉटल अगदी हलका, ट्रॅक संथ फिरेल इतकाच. मफलर, सैल बाह्या, लोंबणारी दोरी, मोकळे केस ट्रॅकजवळ नकोत. ट्रॅक फिरत असताना हात, पान्हा, फुटपट्टी काहीही आत घालायचं नाही. पाहायचं, इंजिन बंद करायचं, ट्रॅक पूर्ण थांबल्यावर बोल्ट फिरवायचा, मग पुन्हा चालू करायचं. इंजिन चालू असताना ‘एवढासा फेरा फिरवून घेतो’ म्हणणाऱ्याला तिथून बाजूला करा, तो कितीही अनुभवी असला तरी.

किती वेळा तपासायचं?

नजरेने प्रत्येक वेळी निघण्याआधी. मोजून, पुस्तिकेतल्या अंतराप्रमाणे, आणि एखाद्या दगडावर किंवा ओंडक्यावर मागचा भाग जोरात आपटला असेल तर त्याच दिवशी.

नव्या ट्रॅकची गोष्ट वेगळी. नवा पट्टा सुरुवातीच्या काही तासांत लांबतो. दोरा आणि रबर आपली जागा घेत असतात. पहिल्या फेरीनंतर मोजा, पुढच्या दोन-तीन फेऱ्यांनंतरही मोजा. तो लांबणार हे गृहीत धरून पहिल्याच दिवशी जास्त घट्ट बसवू नका.

ताण लावून थोडेच दिवस झाले, ट्रॅक पुन्हा सैल. का?

ॲक्सलचे बोल्ट पुरेशा टॉर्कला आवळले नसतील तर ॲक्सल पुढे सरकतो. हे सर्वांत आधी पाहा. ॲडजस्टरच्या टोकापासून ॲक्सलपर्यंतचं अंतर खडूने नोंदवून ठेवलं तर पुढच्या वेळी ॲक्सल सरकला की ट्रॅक लांबला, हे लगेच समजतं. माझ्या मते ही नोंद ठेवण्यासारखी दुसरी चांगली सवय नाही.

ॲक्सल जागेवर असेल तर आयडलर चाकं पाहा. चाकाच्या कडेचं रबर निघून गेलं की चाकाचा घेर कमी होतो आणि तेवढा ट्रॅक सैल पडतो. बेअरिंग गेलं असेल तर चाक हाताने हलवल्यावर डुगडुगतं. त्यानंतर स्लायडर: माप स्लायडरच्या खालच्या कडेपासून घेत असल्यामुळे स्लायडर झिजला की झोळ वाढलेला दिसतो, ट्रॅक तेवढाच असला तरी. अशा वेळी बोल्ट आवळणं म्हणजे चुकीच्या जागी औषध लावणं.

हे सगळं ठीक असूनही ॲडजस्टर शेवटच्या आट्यांपर्यंत आला असेल, तर ट्रॅक लांबला आहे. बदला.

स्लायडर आणि ताण यांचा एवढा संबंध का?

स्लायडर विशिष्ट प्रकारच्या टणक पॉलिथिलीनचे असतात आणि ट्रॅकवरच्या धातूच्या क्लिप त्यांवरून अखंड घसरतात. त्यांना वंगण म्हणून तेल नसतं. ट्रॅकच्या खिडक्यांतून आत येणारा बर्फ वितळतो आणि तेच पाणी वंगण आणि थंडावा देतं. कडक बर्फावर, गोठलेल्या तळ्यावर किंवा रस्त्याचा तुकडा ओलांडताना सैल बर्फ आत येत नाही. स्लायडर तापतात, वितळलेलं प्लास्टिक क्लिपांना चिकटतं, गाडी ओढल्यासारखी वाटते आणि जळकट वास येतो. त्यात ट्रॅक घट्ट असेल तर हे सगळं फार लवकर घडतं.

कडक बर्फावर नेहमी चालवणाऱ्यांनी आइस स्क्रॅचर लावावेत. ते बर्फ खरवडून ट्रॅककडे उडवतात. तेही नसतील तर मधूनमधून कडेच्या सैल बर्फात उतरा. स्लायडरच्या बाजूवर झीज दाखवणारी रेषा किंवा खाच असते. तिथपर्यंत झीज आली की दोन्ही स्लायडर एकत्र बदला.

लिमिटर पट्टा बदलला. ट्रॅकचा ताणही पाहायचा का?

हो. लिमिटर पट्टा सस्पेन्शनची पुढची आर्म किती उघडू द्यायची ते ठरवतो, म्हणजे स्प्रॉकेटपासून रेलपर्यंतच्या वाटेचा कोनही तोच ठरवतो. वाट बदलली की झोळ बदलतो. स्प्रिंग किंवा शॉक बदलल्यावरही मोजा.

स्टड लावलेल्या ट्रॅकला काही वेगळं?

आकडा पुस्तिकेचाच, पण ढिलाईला माफी नाही. साधा ट्रॅक टनेलवर आपटला तर आवाज येतो; स्टडवाला आपटला तर पत्रा आणि हीट एक्सचेंजर कापला जातो, आणि शीतक द्रव सांडून इंजिन तापतं. स्टड लावताना टनेलला संरक्षक पट्ट्या आहेत का ते बघा. नव्या स्टडनंतर पहिल्या फेरीच्या शेवटी त्यांचे नट आणि झोळ दोन्ही तपासा; स्टडमुळे ट्रॅकचं वजन वाढलेलं असतं.

खोल बर्फासाठीचे लांब ट्रॅक जरा सैल ठेवतात, हे खरं का?

बऱ्याच अंशी खरं. लांब ट्रॅक आणि उंच पॅडल (ट्रॅकच्या बाहेरच्या बाजूचे बर्फ ढकलणारे रबरी पडदे) असलेल्या डोंगरी गाड्यांत अनेकजण पुस्तिकेतल्या मर्यादेच्या सैल टोकाला ताण ठेवतात, म्हणजे घर्षण कमी होऊन ताकद बर्फात जाते. पण हे स्प्रॉकेटवरही अवलंबून आहे. काही स्प्रॉकेट फक्त आतल्या लगना ढकलतात, काहींचे दात ट्रॅकच्या खिडक्यांत बसतात, आणि काही दोन्हींना धरतात. खिडक्यांत बसणारे आणि दोन्हींना धरणारे स्प्रॉकेट लग सुटू देत नाहीत, म्हणून त्यांच्यासोबत थोडी जास्त ढिलाई चालते. आपल्या गाडीत कोणते आहेत हे माहीत नसेल, तर मर्यादेच्या मधोमध राहा.

सकाळी ट्रॅक गोठून जागचा हलत नाही. ताण चुकलाय का?

बहुधा नाही. आदल्या दिवशीचा ओला बर्फ चाकांत आणि रेलवर गोठलेला असतो. थ्रॉटल ओढून तो तोडायचा प्रयत्न केलात तर ड्राइव्ह बेल्ट जळतो किंवा लग फाटतात. इंजिन बंद ठेवून मागचा भाग उचला, दोन-तीनदा खाली आपटून बर्फ मोकळा करा, ट्रॅक हाताने फिरतो का पाहा आणि मगच इंजिन चालू करा. रात्री गाडी फळ्यांवर चढवून ठेवली तर सकाळचा हा त्रास कमी होतो.

वाटेत ट्रॅक खूपच सैल झाला आणि जवळ काटा नाही. मग?

रॅचेटिंग थांबेल इतकाच आवळा, दोन्ही बाजूंना मोजून सारखे फेरे द्या, ॲक्सलचे बोल्ट नीट घट्ट करा आणि संथ, ब्रेकला सांभाळून परत या. पोचल्यावर रीतसर मोजा.

हंगाम संपल्यावर ट्रॅकचं काय करायचं?

धुवून, चिखल-मीठ काढून, मागचा भाग उचलून ठेवा. महिनोन्‌महिने एकाच जागी टेकलेल्या रबराला आणि सस्पेन्शनला भार नको. पुस्तिका साठवणीआधी ताण कमी करायला सांगत असेल तर करा, आणि हँडलला चिठ्ठी बांधा: ‘ताण सोडला आहे’. पुढच्या हिवाळ्यात पहिल्या बर्फाच्या घाईत हे हमखास विसरलं जातं, आणि सैल ट्रॅकवर पहिलाच जोराचा ब्रेक लागतो.

ट्रॅक बदलायची वेळ झाली, हे कशावरून ओळखायचं?

आतले लग फाटलेले किंवा गायब असतील, लागोपाठच्या कांड्या मोडल्या असतील, कडेचा दोरा सुटून लोंबत असेल, रबराचे थर वेगळे होत असतील, किंवा ॲडजस्टरला पुढे फिरायला जागाच उरली नसेल, तर तो ट्रॅक उतरवा. हरवलेल्या एक-दोन क्लिप बदलता येतात, तेवढ्यासाठी ट्रॅक टाकू नका. नवा घेताना लांबी, रुंदी यांच्याबरोबर पिच, म्हणजे दोन लगांमधलं अंतर, स्प्रॉकेटशी जुळतं का ते पाहा: २.५२ इंचांच्या स्प्रॉकेटवर २.८६ इंचांचा ट्रॅक चालणार नाही, ताण कितीही काळजीने लावला तरी. पॅडल पूर्वीपेक्षा उंच घेणार असाल तर टनेलमध्ये त्यांना जागा उरते का, हे बसवण्याआधीच मोजून घ्या.